डोकेदुखीची म्हणून सांगितलेली गोळी

"सर, वेड्यांच्या गोळ्या खाल्ल्या की माणूस शहाणा होतो, की आणखी वेडा?"

मागच्या बाकापासून हसू फुटत फुटत पुढं आलं. साक्षी उभीच होती. प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. तो ऋतुजाच्या डोक्यातून निघाला होता, दिपालीनं त्याला मीठमसाला लावला होता, आणि "वक्तृत्वाची ढाल काय उगाच मिळाली का तुला? तूच विचार" असं म्हणत दोघींनी तो साक्षीच्या गळ्यात घातला होता. पैज होती नवी पेठेतल्या दहीपुरीच्या दोन प्लेटची.

मागच्या वर्षीपर्यंत हीच साक्षी हजेरीला 'यस मॅडम' म्हणतानासुद्धा चाचरायची. जानेवारीत ढाल मिळाली आणि तिचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नावच घेईना. आता कुणी नुसतं 'घाबरलीस ना' म्हटलं तरी तिला विंचू डसल्यासारखं व्हायचं.

पण आज ती खरंच घाबरली होती. वर्गात बोलायला पाहुणे येण्याआधी मॅडमनी फळ्यावर नाव लिहिलं होतं : डॉ. राजशेखर हिरेमठ, मनोविकारतज्ज्ञ. आणि हेच नाव साक्षीच्या घरी, कपाटात, साड्यांच्या थराखाली दडवलेल्या एका फाईलवर होतं. आईच्या फाईलवर.

"नाव काय तुझं?" डॉक्टरांनी विचारलं.

"साक्षी." मग उगाच मान ताठ करून, "साक्षी बुद्धभूषण बनसोडे."

झालं, आता हे ओळखणार. साक्षीनं श्वास रोखून धरला. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"प्रश्न चांगला आहे साक्षी. त्यातला एकच शब्द चुकलाय. कुठला ते तू मला शेवटी सांगायचं. बस."

ऋतुजानं बाकाखालून तिला चिमटा काढला. "दोन प्लेट पक्क्या," ती कुजबुजली. साक्षी हसली, पण ते हसू तिचं तिलाच ओळखू येईना.

डॉक्टर फळ्याकडं वळले. "मला आधी सांगा, आज कुणाकुणाकडं पाण्याचा दिवस आहे?"

दहा-बारा हात वर झाले. साक्षीचाही झाला. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो, आणि त्या दिवशी घरातलं एक माणूस कामाला दांडी मारून नळापाशी बसतं.

"नळाला पाणी आलं, आणि शेजारच्यानं लाईनीला मोटर लावली, तर?"

"आमचा नळ फुस्स," दिपाली म्हणाली. "नुसती हवा येती सर. मग आमची आई शेजारच्या काकूंची आरती करती."

वर्ग हसला. डॉक्टरही हसले. मग त्यांनी फळ्यावर दोन गोल काढले आणि मध्ये जरा जागा सोडली. "ह्या मेंदूतल्या दोन पेशी. ही पेशी तिला निरोप पाठवते. निरोप म्हणजे एक रसायन, ते ह्या फटीत सोडलं जातं. काम झालं की पाठवणारी पेशीच ते परत ओढून घेते. तिची मोटर म्हणा. नैराश्यावरची जी औषधं आहेत, त्यातली बरीचशी ह्या मोटरीवर काम करतात. सेरोटोनिन नावाचं एक रसायन आहे. फक्त त्याची मोटर जी गोळी बंद करते, ती एसएसआरआय गटातली. निरोप फटीत जास्त वेळ टिकतो. दुसरा गट एसएनआरआय, तो दोन मोटरी बंद करतो, सेरोटोनिनची आणि नॉरएपिनेफ्रिनची."

साक्षी वहीत काहीच लिहीत नव्हती. आईच्या गोळीचं नाव तिला पाठ होतं. एसिटॅलोप्राम. ती कुठल्या गटात बसते हे मात्र तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. विचारायचं तरी कुणाला? घरात त्या गोळीचं नावच काढायचं नसतं.

"तिसरा गट जुना, ट्रायसायक्लिक. ह्या गोळ्याही मोटरी बंद करतात. पण जाता जाता त्यांचा हात दुसऱ्याच नळांना लागतो, म्हणून तोंड कोरडं पडतं, झोप येते, पोट साफ होत नाही, जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून टाकाऊ आहेत का? नाही. नीट मोजून दिल्या तर आजही कामाच्या. अर्धशिशीला सुद्धा थोड्या मात्रेत देतात. चौथा गट मोटरीला हातच लावत नाही. ते रसायन तोडून टाकणारा एक घटक असतो, त्यालाच तो थांबवतो. त्याला खाण्यापिण्याची कडक पथ्यं लागतात, म्हणून क्वचितच देतात. आणि काही औषधं ह्यापेक्षा वेगळीच. एखादं पाठवणाऱ्या पेशीचा ब्रेक सैल करतं, त्यानं झोप सुधारते, भूक वाढते."

"मग गोळी खाल्ली की लगेच बरं वाटतं, सर?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"इथंच तर गंमत आहे. मोटर पहिल्या दिवशीच मंदावते, पण मन हलकं व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. का, ते विज्ञान अजून शोधतंय. मी तुम्हाला सोपं चित्र काढून दाखवलं. खरा मेंदू सोलापूरच्या पाइपलाइनीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. आणि प्रत्येकाला गोळी लागतेच असंही नाही. काहींना बोलून, समुपदेशनानं बरं वाटतं, काहींना दोन्ही लागतं."

मग त्यांनी खडू खाली ठेवला. "एक गोष्ट मात्र घरी जाऊन सांगा. ह्यातल्या दोन गटांच्या गोळ्या आपल्या मनानं एकत्र घ्यायच्या नाहीत. नळाला पाणी हवं असतं, पूर नको असतो. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, माणूस एका जागी बसू शकत नाही. असं दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा."

साक्षीनं वहीत पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं : थरथर, घाम.

आज सकाळी तिची वेणी घालताना आईचे हात थरथरत होते. "झोप झाली नाही गं नीट," आई म्हणाली होती. चहा निम्मा बशीत सांडला होता. मार्चची सकाळ, पंखा चालू, तरी आईच्या कपाळावर घाम. आणि ती सारखी उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती.

दुसरी गोळी कुठली पण? आईकडं तर एकच पाकीट आहे.

वाचकहो, हे घर तुमच्या-आमच्यासारखंच. साक्षीचे पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई पूनम शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. मागच्या दिवाळीनंतर आईचं काहीतरी हरवलं. भांडण नाही, दुखणं नाही, कुणी गेलं नाही. पण ती केस विंचरेना, ताटावर बसली की घास चिवडत राही, मशिनसमोर बसली की कापड हातात धरून तासभर नुसती बघत बसे. कारण सापडेना म्हणून पप्पा चिडायचे, आणि चिडून झाल्यावर जिन्यात जाऊन एकटेच बसायचे. शेवटी त्यांनीच तिला डॉक्टर हिरेमठांकडं नेलं. महिन्याभरानं एका सकाळी आई भाकरी थापताना गुणगुणली, तेव्हा साक्षी दाराआडून ते ऐकत उभी राहिली होती.

पण पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "कुणी विचारलं तर डोकेदुखीची गोळी म्हणायचं. आत्याला तर कळताच कामा नये. तिच्या गावात, वैरागच्या बाजारात सकाळी बोललेलं दुपारी बार्शीत पोचतं."

आणि भीमाआत्या गेले आठ दिवस ह्यांच्याच घरी होती. तिच्या मुलाचं, धनाजीचं लग्न ठरलं होतं, नवी पेठेत लग्नाचा बस्ता बांधायचा होता, साड्या निवडता निवडता तिचे दिवस वाढत चालले होते. भीमाआत्याला अर्धशिशीची डोकेदुखी होती. खरीखुरी. तिच्याही पिशवीत एक पाकीट असायचं.

शनिवार असल्यानं साडेअकराला शाळा सुटल्याची घंटा झाली. "ए, दहीपुरी," ऋतुजानं हाक मारली. साक्षी तोवर सायकलपाशी पोचली होती.

बुधवार पेठेच्या गल्लीत ती वळली तेव्हा नळ चालू होते. दारोदारी बादल्या, पाइप, बायकांचा गलका. तिच्या दारात एक कळशी आडवी पडली होती आणि पाणी गटारीकडं चाललं होतं. पाण्याचा एक थेंब वाया जाऊ न देणारी तिची आई उंबऱ्यावर बसली होती, आणि आत्या तिला पदरानं वारा घालत होती.

"उन्हाचा तडाखा बसलाय तिला," आत्या म्हणाली. "कांदा आन गं."

साक्षीनं आईचा हात धरला. तो घामानं ओला होता आणि थरथरत होता.

"आई, तू कुठल्या गोळ्या घेतेस?"

आईनं तिच्याकडं बघितलं, मग आत्याकडं. "डोकेदुखीच्या," ती म्हणाली. तोंडाला कोरड पडल्यानं शब्द नीट निघत नव्हता.

"तुझी सोडून अजून कुठली घेतलीस?"

"आगं माजीच दिली की तिला," आत्या सहज बोलून गेली. "तिची बी डोकेदुकीची, माजी बी डोकेदुकीची. ती म्हनाली झोप लागंना, म्हनलं माजी घिऊन बघ, लई गुणाची हाय. पैल्या दिवशी एक दिली. झोप लागली म्हनून मग दोन. पाच दिवस झालं. का गं?"

"दाखव बघू पाकीट."

पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : अमिट्रिप्टिलीन. साक्षीला नावावरून गट कळला नाही. पण 'अर्धशिशीला सुद्धा थोड्या मात्रेत देतात' हे डॉक्टरांचं वाक्य तिच्या कानात वाजलं, आणि तिनं पाकीट मुठीत घट्ट धरलं.

आता बोलायचं, की गप्प बसायचं? बोलावं तर पप्पांनी दिलेली ताकीद मोडते. धनाजीदादाच्या लग्नात, मांडवात, व्याह्यांच्या कानापर्यंत सगळं जाणार. गप्प बसावं तर हा हात हातात असाच थरथरतोय.

"आत्या, आईची गोळी डोकेदुखीची नाही."

"साक्षी," आई म्हणाली. हळूच, पण असं की गल्लीतला सगळा गलका त्यामागं बुडाला.

"ती नैराश्याची गोळी आहे. मनाच्या आजाराची. आणि तुझी गोळी तिच्यासोबत चालत नसणार. आपल्याला आत्ता दवाखान्यात जायचंय. आत्ताच्या आत्ता."

आईनं डोळे मिटून घेतले. आत्याचा वारा घालणारा हात तसाच हवेत थांबला.

साक्षीनं पप्पांना फोन लावला. "कुणासमोर बोललीस? ताईसमोर?" हे पप्पांचं पहिलं वाक्य. "थांब, तमाशा नको. मी संध्याकाळी सुटलो की बघू."

"संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही म्हणालेत हिरेमठ डॉक्टर, आज शाळेत आले होते. तुम्ही सात रस्त्याला त्यांच्या दवाखान्यातच या," असं म्हणून साक्षीनं फोन ठेवला. पप्पांचं बोलणं अर्धवट तोडण्याची ही तिची आयुष्यातली पहिलीच वेळ.

आता आत्या काय म्हणते? आतून आईचं पाकीट आणताना साक्षी तिच्याकडं बघायलाच भीत होती. आत्यानं नळ बंद केला, दाराला कडी घातली, पूनमला काखेत हात घालून उठवलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन खणखणीत आवाजात रिक्षा थांबवली. "सात रस्त्याला चल रं बाबा. आन् खड्डं बगून."

रिक्षात आई मध्ये बसली होती. साक्षीनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली होती आणि ठोके मोजायचा प्रयत्न करत होती, पण दर वेळी विसाच्या पुढं गेली की भीतीनं आकडा चुकत होता.

डॉक्टर शाळेतून नुकतेच येऊन बसले होते. दोन्ही पाकिटं बघितली, नाडी बघितली, रक्तदाब मोजला, गुडघ्यावर हातोडीनं टकटक केलं. लगेच हृदयाचा आलेख काढायला लावला आणि शेजारच्या रुग्णालयात आईला झोपवून सलाइन लावलं. "आज रात्र इथंच राहायचं. वेळेत आणलंत. ठोके जलद आहेत, पण लय बिघडलेली नाही. ही दुसरी गोळी आजपासून बंद. आणि पहिली कधी सुरू करायची ते मी उद्या सांगेन."

साक्षी तेव्हा कुठं भिंतीकडेच्या बाकावर बसली. इतका वेळ ती उभीच होती.

तासाभरानं पप्पा आले, अंगावर डेपोचेच कपडे, कोपरापर्यंत ग्रीस. आईकडं बघितलं, मग आत्याकडं, आणि मान खाली घातली.

"पूनमताई," डॉक्टरांनी विचारलं, "ह्यांच्यासमोर बोललं तर चालेल? तुम्ही नाही म्हणालात तर ही मंडळी बाहेर थांबतील."

आईला असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "बोला," ती म्हणाली. "आता काय राहिलंय झाकायचं."

"मग ऐका. ताईंची गोळी एसएसआरआय गटातली, ह्या आत्यांची ट्रायसायक्लिक. एक दुसरीचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकते. कधीकधी आम्ही स्वतः दोन्ही देतो, पण थोड्या मात्रेत, तपासण्या करून. इथं तर कुणाला माहीतच नव्हतं की आपण काय आणि कशात मिसळतोय."

"मला सांगितलं आसतं," आत्या एकदम बोलली, "तर मी दिली आसती व्हय गोळी?" तिचा रोख डॉक्टरांकडं नव्हता, भावाकडं होता. "आरं भूषण, मी काय तुजी वैरीन हाय? वैनीला मारायला निघाले हुते मी, आन् मला ठावं बी न्हाय. कशापायी? तर भैनीनं बाजारात बोलू नये म्हनून."

पप्पा पुटपुटले, "तसं नाही ताई. लोक वेडी म्हणतात. धनाजीच्या सासरचे..."

"लोक म्हणतात ते खरंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणून सांगतो, खासगी ठेवणं वेगळं आणि खोटं नाव देणं वेगळं. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हा पूनमताईंचा हक्क आहे, शंभर टक्के. पण साखरेच्या डब्यावर मिठाची चिठ्ठी लावली, तर घरातलंच माणूस चुकणार. तुम्ही मेकॅनिक आहात. ब्रेक ऑईलच्या कॅनवर कुणी दुसरंच नाव लिहून ठेवलं तर चालवून घ्याल?"

"त्याची नोकरी खाईन मी," पप्पा नकळत बोलून गेले. मग ग्रीसच्या हातांकडं बघत राहिले.

आत्या मात्र अजून कसल्या तरी विचारात होती. "डॉक्टरसायेब, येक इचारू? ही माजी गोळी... ती बी ह्याच खानदानातली म्हनताय?"

"हो. मुळात नैराश्यासाठीच निघालेली. तुमच्या डॉक्टरांनी ती डोकेदुखीसाठी दिलीय, तेही बरोबर आहे."

"म्हंजी सात वर्सं मी मनाच्या आजाराची गोळी खातीय, आन् आख्ख्या वैरागात कुनाला पत्ता न्हाय?" आत्यानं कपाळावर हात मारला. "आन् मी आमच्या गल्लीतल्या येका सुनंला म्हनत हुते, तसल्या गोळ्या खानाऱ्याच्या वाऱ्याला बी उभी राहू नगं."

सगळ्यात आधी आई हसली. सलाइन लावलेला हात तोंडावर न्यायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. मग आत्या हसली, हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिनं पूनमच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं टिपला. "रडू आलं आसंल तुला कवाकवा, आन् मी शेजारी साड्या उलगडत बसले," ती म्हणाली. "वन्सं म्हनतीस मला. सांगायचं हुतं की गं."

निघताना साक्षी डॉक्टरांपाशी रेंगाळली. "सर, शाळेत तुम्ही मला ओळखलं होतं ना?"

"शाळेत मी कुणालाच ओळखत नाही," डॉक्टर म्हणाले. "तू मात्र माझं एक उत्तर देणं लागतेस."

रविवारी दुपारी आई घरी आली. हात आता स्थिर होते. नळ गेलेला होता आणि ड्रम निम्मे रिकामे होते. पण शेजारच्या काकूंनी चार कळशा आणून ओतल्या होत्या. पप्पांनी कपाटातली फाईल काढली, साड्यांची घडी नीट केली, आणि फाईल टीव्हीशेजारच्या फळीवर, जिथं वीजबिल आणि रेशनकार्ड असतं तिथं ठेवली. पाकिटावर त्यांनी पेननं मोठ्या अक्षरात गोळीचं नाव, वेळ आणि आईचं नाव लिहिलं. "डेपोत प्रत्येक कॅनवर लिहितो," ते कुणाकडंही न बघता म्हणाले, "घरात लिहायला लाजलो."

जेवणं झाली. आत्या बस्त्याच्या साड्या बांधत होती. आई साक्षीची वेणी घालत होती, आणि साक्षी प्रत्येक पेडाला आईची बोटं कशी चालतात ते लक्ष देऊन टिपत होती.

"तुझ्यावर रागवले होते मी काल," आई हळू आवाजात म्हणाली. "माझं माणसांपासून झाकलेलं तू दारात उघडं केलंस म्हणून. पण तू गप्प बसली असतीस तर आज रागवायलाही मी नसते."

साक्षीला किती बोलायचं होतं. आजाराची लाज वाटून आपण त्याला खोटं नाव देतो, तेव्हा आजार लपत नाही, फक्त मदतीला येणारे हात आंधळे होतात, हे तिला आता कळलं होतं. मधुमेहाची गोळी आपण ताटाशेजारी ठेवतो, रक्तदाबाची पाहुण्यांसमोर घेतो, मग मनाच्याच गोळीनं साड्यांच्या खाली का राहावं? आणि कुणाचं औषध आपल्याला, आपलं औषध कुणाला, हा जो माया दाखवायचा प्रकार घरोघरी चालतो, ती माया नव्हे, हेही तिला कळलं होतं. पण सगळ्यात जास्त तिला टोचत होतं ते वेगळंच. काल सकाळी भर वर्गात, दोन प्लेट दहीपुरीसाठी, तो शब्द तिच्याच तोंडून निघाला होता. आणि तो शब्द नेमका ज्यांच्यासाठी वापरतात, त्यातलं एक माणूस आत्ता तिची वेणी घालत होतं.

वेणीला रिबीन लागली. साक्षी उठली, आईपप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. स्टेजवर राहायची तशी.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. उद्या पहिल्या तासाला मॅडमची परवानगी घेऊन मी वर्गात उभी राहणार आहे. आईचं नाव घेणार नाही, आपल्या घरातलं काही सांगणार नाही, ते आईनं ठरवायचं. मी फक्त एवढंच सांगणार आहे, की शनिवारी मी विचारलेल्या प्रश्नात चुकलेला शब्द 'वेड्यांच्या' हा होता, तो मी परत घेते. आणि ऋतुजानं दहीपुरी दिली तरी मी ती खाणार नाही."